दोन्हीकडचे उपवास

दवाखान्यात शिरलं की आधी वजनकाटा. डॉक्टरांच्या खोलीबाहेर, पाण्याच्या कॅनशेजारी तो मांडलेला असायचा आणि आपला नंबर लागायच्या आत सगळ्यांदेखत त्यावर उभं राहावं लागायचं. सासूबाई चपला काढायच्या, मग बांगड्या काढून माझ्या हातात द्यायच्या, मग चष्मा. चढताना माझा खांदा धरायच्या आणि चढल्यावर लगेच सोडायच्या, कारण धरून उभं राहिलं तर वजन कमी भरतं आणि असली लबाडी त्यांना चालत नसे. दुसऱ्या प्रकारची चालत होती, ते मला पुढे कळलं.

नर्स आकडा मोठ्यानं वाचायची. बाकावरची माणसं माना वळवून बघायची. मी त्या वेळी भिंतीवरचं लिव्हरचं चित्र वाचत उभी राहायची, न जाणो मलाही कुणी म्हणालं की तुम्हीपण चढा. महिन्यातून एकदा ऑफिसातून अर्धी रजा काढायची, उन्हातून रिक्षा शोधायची, तिथे बसून आधीच्या सगळ्या लोकांची वजनं ऐकायची आणि परत येऊन राहिलेलं काम संध्याकाळी उरकायचं. त्या वर्षभरात मी जितकी थकले तितकी माझ्या बाळंतपणातसुद्धा थकले नव्हते.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन चेन्नईला आले त्याला इतकी वर्षं झाली की सांगलीला गेल्यावर मला सगळे मद्रासवाली म्हणतात आणि इथली भाजीवाली मला अजून हिंदीवाली अम्मा म्हणते. सासर तंजावरकडच्या मराठी लोकांचं. पिढ्यान् पिढ्या इकडेच राहिलेली ही माणसं घरात मराठी बोलतात, पण ती मराठी अशी जुनी की लग्नात सासूबाई बोलायला लागल्या तेव्हा माझ्या मामाला वाटलं, विहीणबाई पोथी म्हणतायत. मध्येच तमिळ शब्द, शेवटी तमिळ हेल. त्यांना माझी मराठी फार उद्धट वाटायची. मला त्यांची मराठी आवडायची, पण त्या भाषेतही टोमणे मारता येतात हे लवकरच कळलं.

सासूबाईंचं स्वतःचं घर एग्मोरला. स्टेशनच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासरे रेल्वेत कारकून होते, त्यांनी घेतलेलं. सासरे गेल्यावरही त्या तिथे एकट्याच राहत होत्या. गाड्यांच्या घोषणा ऐकत स्वयंपाक करायच्या. अमुक गाडीची घोषणा झाली की भात टाकायचा, तमुक गाडी सुटली की जेवायचं, असं त्यांचं घड्याळ होतं. मग गुडघे गेले. एके दिवशी भाजी घेऊन वर चढताना पहिल्या मजल्यानंतर त्या पायरीवरच बसल्या आणि उठेनात. शेवटी शेजाऱ्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून वर नेलं. त्यानंतर माझ्या नवऱ्यानं त्यांना अण्णा नगरला आमच्याकडे आणलं. आल्या त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "चौघांनी उचलायची वेळ एकदांच यावी. मज दोनदां उचललं तर देव हसेल."

गुडघ्यांचा सर्जन म्हणाला, ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा. एवढ्या वजनावर नवा गुडघा टिकायचा नाही. त्यानंच आम्हाला या डॉक्टरांकडे पाठवलं. साखर होतीच, त्यामुळे आठवड्यातून एकदा घ्यायचं ते इंजेक्शन डॉक्टरांनी सुरू केलं. डॉक्टर तमिळ, माझ्याच वयाच्या, डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. त्यांनी सासूबाईंना तमिळमध्ये आणि मला इंग्रजीत सगळं दोनदा समजावलं. लहान डोसनं सुरू करायचं, सोसलं तर वाढवायचं. मळमळेल, पोट जड वाटेल. थोडं थोडं खायचं, पण खायचं. डाळ, दही, पनीर पोटात गेलंच पाहिजे. पाणी प्यायचं. उलट्या झाल्या, पोटात दुखलं, चक्कर आली तर ताबडतोब सांगायचं. दर महिन्याला यायचं, त्यात सूट नाही.

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. "भूक मरेल?"

"कमी होईल," डॉक्टर म्हणाल्या. "मरू द्यायची नाही. मरतेय असं वाटलं तर मला सांगायचं."

सासूबाईंनी मान डोलावली. त्यांची मान डोलावण्याची पद्धत अशी की समोरच्याला हो वाटावं आणि त्यांना नंतर नाही म्हणता यावं.

इंजेक्शन फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी राहायचं. दर रविवारी सकाळी मी ते त्यांच्या पोटाला टोचायची. त्या तोंड देवाकडे करून बसायच्या आणि टोचून झालं की विचारायच्या, "अत्तां एग्मोर किती लांब राहिलं?" मी म्हणायची, "मेट्रोनं की जिन्यानं?" हा आमचा रविवारचा विनोद होता, रविवारी चालेल एवढाच.

खरं सांगायचं तर त्या परत जाव्यात हे मलाही हवं होतं. त्या वाईट नव्हत्या. पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, त्यातून ते म्यान म्हणजे दोन खोल्यांचा फ्लॅट. नवरा एन्नोरच्या वीजकेंद्रात, पहाटे जायचा तो अंधार पडल्यावर यायचा, जेवण कॅन्टीनमध्ये. मुलगी शिकायला बंगळूरला. दिवसभर घरात आम्ही दोघीच. मी एका मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीचे हिशेब बघते, आठवड्यातले बरेच दिवस घरूनच. माझ्या मीटिंगमध्ये त्यांचं टीव्हीवरचं भजन यायचं, त्यांच्या भजनात माझी मीटिंग यायची. मी जेवायची ती ओट्याशी उभी राहून, एका हातात फोन घेऊन. त्या बघायच्या आणि म्हणायच्या, "घोडं बी उभ्यानं खातं, पण त्याज फोन नाहीं." त्यांना घरी जायचं होतं, मला त्यांना घरी पाठवायचं होतं. आमचं एवढं एकमत आधी कशावरच झालं नव्हतं.

वजन उतरायला लागलं. काट्यावर दर महिन्याला आकडा खाली. नर्स तो आता आणखी मोठ्यानं वाचायची. सासूबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, ब्लाऊज शिंप्याकडे गेले. नवरा एकदा रविवारी त्यांच्याकडे बघून म्हणाला, अम्मा बारीक झाली, आता पळेल. त्या लाजल्या.

आणि त्यांचे उपवास वाढले.

उपवास हा आमच्या घरात वादाचा विषय कधीच नव्हता. आमच्या सांगलीकडे एकादशी म्हणजे दुप्पट खाशी: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी, वर केळं. सासूबाईंचा उपवास तसला नाही. एक पेला दूध, नाहीतर तेही नाही. मधुमेहामुळे मधली काही वर्षं त्यांना उपवास सोडावे लागले होते आणि त्याची त्यांना फार खंत होती. आता भूकच लागत नव्हती तर देवानंच परवानगी दिली, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारलंत का? म्हणाल्या, विचारलं, महिन्यातून एखाददोन चालतात म्हणाल्या.

पण ते एखाददोन राहिले नाहीत. मंगळवारी मी ताट वाढायला घेतलं तर म्हणायच्या, आज षष्ठी. नंतर कधी आज कृत्तिका. आज प्रदोष. मी म्हणायची, हे कुठले उपवास? त्या म्हणायच्या, "तुज ठाऊक नाहीं बाळे. हे हिकडचे. तमिळ लोक करतात. आम्मी हिकडं राहून शिकलों." यावर मी काय बोलणार? माझं पंचांग एकादशी, संकष्टी आणि महाशिवरात्रीला संपतं. इथे आल्यापासून मला रोज एखादा नवा सण कळतोच आहे. शिवाय एखाद्यानं उपवास आहे म्हटलं की आपण त्याला बळजबरीनं जेवू घालत नाही, उलट आवाज जरा खाली आणतो. उपवासाला उलटतपासणी नसते.

उपवास नसेल त्या दिवशी त्या जेवत होत्या. निदान ताट तरी वाढून घेत होत्या. त्यांच्यात पद्धत अशी की शिजवणाऱ्या बाईनं सगळ्यांचं झाल्यावर शेवटी, एकटीनं बसावं, आणि त्याआधी कावळ्याला भाताची मूद ठेवावी. मूद ठेवल्याशिवाय इथली बरीच घरं जेवत नाहीत, त्यात नवल नाही. मी ओट्याशी माझं उरकून लॅपटॉपकडे जायची, मग त्या आपलं ताट घेऊन मागच्या गॅलरीत जायच्या. वारा येतो म्हणून, असं सांगायच्या. चेन्नईच्या मे महिन्यात मागच्या गॅलरीत वारा येतो, हे मी ऐकून घेतलं.

माझं लक्ष गेलं ते कावळ्यांमुळे. एका दुपारी माझी मीटिंग चालू असताना मागे एवढा गलका झाला की पुण्याचा साहेब म्हणाला, मॅडम, तुमच्याकडे कुणाचं श्राद्ध आहे का? उठून बघितलं तर गॅलरीच्या ग्रीलवर कावळे दाटीनं बसलेले. एका मुदीसाठी एवढे कावळे येत नाहीत. ते पंगतीला आल्यासारखे बसले होते, सांबारभात खात होते, आणि अंगानं चांगले गुबगुबीत झाले होते. सासूबाई रिकामं ताट घासत होत्या. मी विचारलं, जेवलात? म्हणाल्या, जेवलें. विचारलं, हे एवढे कावळे? म्हणाल्या, "पितर वाढले."

मला राग आला, हसूही आलं, आणि साहेब लाइनवर थांबलेला होता. मनाशी म्हटलं, रविवारी नवऱ्यासमोर विषय काढू. पण रविवारपर्यंत थांबावं लागलं नाही. दोन दिवसांनी सकाळी देवापुढे दिवा लावायला त्या उठल्या आणि उभ्या राहता राहता भिंत धरून खाली आल्या. पडल्या नाहीत, घसरल्या. डोळे उघडे होते, ओठ कोरडे. मी साखर बघितली, पाणी पाजलं, मीठ-साखर घालून आणखी पाजलं, आणि ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. रिक्षात त्या मला सांगत होत्या, काही झालं नाही, उगाच रजा घेतलीस. मला त्यांची काळजी वाटत होती, आणि त्याहून जास्त मी त्यांच्यावर चिडले होते, आणि काळजी वाटणाऱ्या माणसावर चिडून बसण्यासारखं थकवणारं काम दुसरं नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी काट्याकडे बघितलंच नाही. रक्तदाब झोपवून घेतला, उभं करून घेतला. मग सासूबाईंना खुर्चीत बसवलं, हात छातीशी बांधायला सांगितले आणि म्हणाल्या, "आता हातांचा आधार न घेता उठा."

पहिल्या भेटीत सासूबाई कण्हत का होईना, पण उठल्या होत्या. आता वजन कितीतरी कमी झालेलं, तरी त्या पुढे झुकल्या आणि परत खुर्चीत बसल्या. दुसऱ्यांदाही तेच. साडी पायात आली म्हणाल्या. डॉक्टरांनी आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली. "दाबा."

"दाबतेय."

"जोरात."

"हेच जोरात."

डॉक्टर मागे टेकल्या. म्हणाल्या, "वजन उतरलं ते काय उतरलं, हा प्रश्न आहे. मला चरबी उतरायला हवी होती. इथे पायातलं मांस चाललंय. अशा पायात सर्जन नवा गुडघा कशावर बसवणार?" मग त्यांनी विचारलं, काय काय खाता? सासूबाईंनी सरळ आवाजात पाढा म्हटला: सकाळी इडल्या, दुपारी भात, सांबार, दही, रात्री डोसा. उपवास असला की मात्र काही नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या आणि जरा संकोचून इंग्रजीत म्हणाल्या, "हे मी तुम्हाला विचारणारच होते. तुम्हा मराठी लोकांत इतके उपवास असतात? गुरुवार, शनिवार, चतुर्थी, आणखी कुठली कुठली. गेल्या खेपेला मी टोकलं तर अम्मा म्हणाल्या, आमच्या लोकांत हे मोडत नाहीत. मी रीतीभातीत जास्त बोलले नाही. पण आजारी माणसाला काही सवलत असेलच ना?"

"आमच्याकडचे?" मी म्हणाले. "मला तर त्या सांगतात हे तुमच्याकडचे. षष्ठी, कृत्तिका, प्रदोष. मला वाटलं इथे सगळ्याच बायका करतात."

"माझ्या आईनंसुद्धा एवढे कधी केले नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

आम्ही दोघी सासूबाईंकडे बघायला लागलो. त्या पंख्याकडे बघत होत्या.

पंचांगाचं अर्धं ज्ञान माझ्याकडे होतं, अर्धं डॉक्टरांकडे, आणि सासूबाई इतके महिने नेमक्या मधून चालल्या होत्या. डॉक्टरांना मराठी उपवास सांगायचे, मला तमिळ. दोन्हीकडची माणसं दुसऱ्याच्या देवाला मान देणारी, कोण विचारणार? डॉक्टर म्हणाल्या, मंगळवारी काय होतं? मी म्हणाले, कृत्तिका. त्या म्हणाल्या, कृत्तिका गेल्या आठवड्यातच झाली, माझ्या सासूबाई करतात. मग त्यांनी विचारलं, गुरुवारी? मी म्हणाले, गुरुवारी उपवास नव्हता, गुरुवारी त्या जेवल्या. डॉक्टरांनी विचारलं, "कुणी बघितलं?"

मी त्यांना कावळ्यांचं सांगितलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला आणि तमिळमध्ये हळू विचारलं, "अम्मा, उलट्या होतात?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "होतात."

"कधीपासून?"

"डोस वाढवलात तेव्हापासून. भाताचा वास आला की होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही इंजेक्शन बंद केलं असतं."

डॉक्टरांनी डोळे चोळले. सकाळपासून त्यांनी किती जणांना हेच विचारलं असेल कोण जाणे. म्हणाल्या, "अम्मा, मी तुमचं वजन बघू शकते, रक्त बघू शकते. तुमचं ताट मला दिसत नाही. ते तुम्ही सांगाल तेवढंच मला कळतं. तुम्ही मला फसवलंत तर मी काट्याला बघून खूश होणार आणि तुमचे पाय जाणार."

इंजेक्शन त्या दिवसापासून थांबलं. मूत्रपिंडाची तपासणी लिहून दिली. साखरेची एक गोळी कमी केली. तब्येत सावरली की पुन्हा अगदी लहान डोसनं सुरू करू, म्हणाल्या, आणि या वेळी घाई नाही. सर्जनला कळवावं लागेल, ऑपरेशन पुढे जाईल. "किती पुढे?" सासूबाईंनी विचारलं. "ते तुमचे पाय सांगतील," डॉक्टर म्हणाल्या. उपवासांबद्दल त्यांनी शेवटी एवढंच सांगितलं की दोन्हीकडचे बंद.

घरी आल्यावर सासूबाई आपल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी भात लावला, डाळ केली, वाटीत दही काढलं. हाक मारली. त्या आल्या नाहीत. मग ताट घेऊन मीच खोलीत गेले.

"मज नक्को," त्या म्हणाल्या.

"आज कुठली तिथी?" मी म्हणाले. बोलून गेल्यावर वाईट वाटलं.

त्या वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीसारखाच. "हांस. तू हांस. तुज काई, तुझं घर तुझ्या पायाखालीं आहे. माझं दुसऱ्या मजल्यावर. खालून बघून परत यायचं. तुझा नवरा म्हणतो विकून टाकूं, अम्मा अत्तां जात नाहीं. पुढच्या वर्षीं बी गुडघा नाहीं झाला तर विकणारच. मी काई करूं? जेवून वजन वाढवूं?"

घर विकायचा विषय माझ्या नवऱ्यानं त्यांच्याकडे काढला होता, हे मला ठाऊक नव्हतं. मी पलंगाच्या कडेला बसले. गॅलरीत कावळे वाट बघत ओरडत होते.

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले. "घर विकायचं नाही."

"तू कां सांगशील?"

"कारण तुम्ही तिथे जावं असं मलाही वाटतं, आई. तुम्ही इथे राहिलात तर आपण दोघी वेड्या होऊ."

मला वाटलं त्या दुखावतील. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. म्हणाल्या, "खरं सांगटलंस. आजपर्यंत कोणी सांगटलं नाहीं. सगळे म्हणतात, अम्मा इथंच राहा, राहा." मग ताट ओढून घेतलं. डाळीचा एक घास खाल्ला, चावत बसल्या. औषध अंगातून उतरायला वेळ लागतो, त्यामुळे भूक नव्हतीच. प्रत्येक घासाला त्या थांबत होत्या, श्वास घेत होत्या, मग पुढचा. जिना चढताना त्या अशाच थांबायच्या. "मज बघत बसूं नक्को," म्हणाल्या. "तुझं ताट घेऊन ये. बसून खा."

तेव्हापासून आम्ही दुपारी एकत्र जेवायला लागलो. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की त्या काय खातात ते डोळ्यांनी बघा. बघायचं तर समोर बसावं लागे, समोर बसायचं तर जेवावं लागे. दुपारचा एक तास मी ऑफिसला नाही म्हणून सांगून टाकलं. साहेब कुरकुरला, मग गप्प बसला. लॅपटॉप बंद, फोन दुसऱ्या खोलीत, हा सासूबाईंचा नियम. डाळ आधी, भात नंतर, हा डॉक्टरांचा नियम. कावळ्यांना एक मूद, हा माझा. मळमळलं तर त्या आता बोटानं खूण करायच्या आणि मी ते डॉक्टरांना फोनवर सांगायची. दिवसातून तीनदा खुर्चीतून उठबस, मी शेजारी उभी. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, लहान डोसनं, आणि लहानच राहिलं. वजन आता रांगत उतरत होतं. एखाद्या महिन्यात जराही उतरायचं नाही. नर्स आकडा पुटपुटायची. सासूबाई काट्यावरून उतरून सरळ डॉक्टरांपुढे जायच्या आणि कुणी न सांगता हात बांधून खुर्चीतून उठून दाखवायच्या.

मी म्हणणार नाही की आमचं गूळपीठ जमलं. जेवताना आम्ही भांडायचो. त्या माझ्या आमटीला पाणी म्हणायच्या, मी त्यांच्या रसमला पाणी म्हणायची. त्यांनी मला सासऱ्यांबद्दल सांगितलं, मी त्यांना माझ्या आईबद्दल. काही दिवस कुणीच काही बोलायचं नाही. दोघींना एवढा कंटाळा आलेला असायचा की समोर माणूस बसलंय एवढंच पुरे व्हायचं.

ऑपरेशन झालं, आधी एक गुडघा, मग पुढच्या वर्षी दुसरा. दोन्ही वेळा डॉक्टरांनी सर्जनला आणि भूल देणाऱ्याला स्वतः फोन करून इंजेक्शनचं सांगितलं आणि ते आधीच थांबवलं. मग व्यायाम घ्यायला माणूस, मग काठी, मग काठीशिवाय. घर विकलं गेलं नाही. माझ्या नवऱ्याला मी काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या महिन्यात त्या एग्मोरला परत गेल्या. त्यांचा जिना त्या कठडा धरून, प्रत्येक वळणावर थांबून, स्वतः चढल्या. पहिल्या मजल्यानंतरच्या ज्या पायरीवर त्या बसल्या होत्या, तिथे थांबून तिच्याकडे बघितलं आणि पुढे गेल्या. वर पोचल्यावर कुलूप काढायच्या आधी मला म्हणाल्या, "अत्तां तू जा. मज सगळं येतं." मी मेट्रोनं घरी आले. घर रिकामं, शांत. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते मिळालं होतं. मी पाय पसरून झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीटिंग लांबली. मग दुसरी लागली. कुणी लॅपटॉप बंद करायला सांगणारं नव्हतं. भात केला नव्हता, डाळ केली नव्हती, एकटीसाठी कोण करतं. सकाळचं उरलेलं काहीतरी ओट्याशी उभी राहून खावं की तेही नको, असा विचार करत मी फ्रिजचं दार उघडून उभी होते. गॅलरीत कावळे आले होते, मूद नव्हती, ते बघून गेले. तेवढ्यात फोन वाजला. मागे स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती.

"जेवलीस?"

मला खरंच खूप थकवा आला होता. इतका की खोटं बोलणं सोपं वाटलं. "नाही आई," मी म्हणाले. "आज संकष्टी आहे."

पलीकडे घोषणा संपली. मग त्या म्हणाल्या, "संकष्टी परवां झाली. मज दोन्हीकडचं पंचांग येतं, विसरलीस?"

मी फ्रिजचं दार लावलं.

"भात लाव," त्या म्हणाल्या. "मी फोन ठेवत नाहीं. होईपर्यंत बसते. मग ताट घे आणि खालीं बस, मज घास चावलेला ऐकू आला पाहिजे."

मी फोन ओट्यावर ठेवला आणि तांदूळ धुवायला घेतले.